उपलब्ध साहित्याची यादी

रहाटणी, ९ जून २०२५

निवेदिता,

फोन करू नकोस असं तू बजावलं होतंस, म्हणून मेल करतोय. आपल्या रुग्णसाहित्य केंद्राचंच काम आहे. दुसरं काही नाही, तेव्हा अर्ध्यातच बंद करू नकोस.

तुझा तो नोंदणीचा फॉर्म कोरा उघडतोय. वर नाव, पत्ता, वस्तू, दिल्याची तारीख अशा सगळ्या चौकटी आहेत, पण आत काही नाही. पुढचा बाण दाबला तरी काही येत नाही. मला वाटलं, सगळ्या नोंदी उडाल्या की काय. कोणाकडे कॉट आहे, कोणाकडे वॉकर आहे, कोणाकडून काय परत यायचंय, सगळं त्यातच आहे. केंद्रात बसलेल्या साधनाताई तर खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. "मी काही केलं नाही हो शेखर, मी फक्त उघडलं," म्हणाल्या. त्यांचा खरंच दोष नाही. त्यांना अक्षरं बारीक दिसतात म्हणून मीच रविवारी फॉर्मच्या डिझाइनमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली होती. तेव्हा आणखी काय दाबलं गेलं, देव जाणे.

कंपनीतल्या आयटीच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "सर, ज्यानं बांधलंय त्यालाच विचारा, आम्ही असल्यात हात घालत नाही." बांधलंय तू. डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून, व्हिडिओ मागे-पुढे करत, आपल्या शार्दूलला शेजारी बसवून. त्याची पहिली चाकांची खुर्ची लहान पडली आणि आपण ती थेरगावच्या आजींना वापरायला दिली, तिथून हे केंद्र सुरू झालं. तेव्हा वहीसुद्धा लागत नव्हती. आता पार्किंगमधली खोली पुरत नाही.

फॉर्मचं काय करायचं तेवढं कळव. चिपळूणला पाऊस लागला असेल. आईंना नमस्कार.

मी ठीक आहे. डबा लावलाय.

शेखर


१२ जून

निवेदिता,

जमलं. तुझी एक ओळ आली, "डिझाइनमध्ये जा, प्रॉपर्टीज उघड, डेटा एन्ट्रीपुढे यस असेल ते नो कर", आणि तसं केल्याबरोबर सगळी माणसं परत आली. पहिल्या पानावर थेरगावच्या आजी. म्हणजे नोंदी कुठेच गेल्या नव्हत्या. फॉर्म फक्त नवीन नोंद घ्यायला बसला होता, जुन्या दाखवत नव्हता. साधनाताईंनी कॉम्प्युटरला हात जोडले.

आता दुसरं. 'उपलब्ध साहित्य' म्हणून तू जो रिपोर्ट केलायस, ज्याची प्रिंट आपण दारावर लावतो, तो उघडायला गेलं की आधी एक छोटी चौकट येते आणि 'परत' असं विचारते. काय परत? मी काहीच न लिहिता ओके केलं तर पान कोरं. साधनाताईंनी तिथे 'आज' लिहिलं, तर काही ओळी आल्या आणि प्रत्येक ओळीत 'आज' छापून आलं. आम्ही दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

माझीच करामत असणार. 'परत' या रकान्याचं नाव मी बदलून 'परत आल्याची तारीख' केलं होतं, नीट कळावं म्हणून. त्यामुळे असेल का?

तू सविस्तर लिहिलंस तरी चालेल. म्हणजे कामाचंच.

शेखर


१६ जून

निवेदिता,

"असं सांगून कळणार नाही, फाइल पाठव," असं तू लिहिलंस. फाइल जोडली होती, आणि पाठवायचं बटण दाबणार तेवढ्यात थांबलो. म्हणून हे आधी वाच. फाइल उद्या पाठवीन.

तू गेल्यावर मी वस्तूंच्या यादीत एक वस्तू वाढवली आहे. चाकांच्या खुर्च्यांच्या खाली शेवटची. बॅटरीवर चालणारी, डोक्याला आधार असलेली. कोणाकडे आहे त्या रकान्यात नाव आहे तेजस्विनी, नाणेकरवाडी, चाकण. तुझ्या समोर ती ओळ अचानक आली असती तर तू काय केलं असतंस ते मला माहीत नाही, आणि मी तिथे नसेन.

त्या दिवसाचं आपण कधी बोललोच नाही. तू बँकेत गेली होतीस. तिचे वडील, रणजीत, मुलीला खांद्यावर घेऊन जिना चढून आले होते. आपली लिफ्ट बंद होती. अकरा-बारा वर्षांची मुलगी, शार्दूलसारखाच स्नायूंचा आजार, मान सावरत नव्हती. खालच्या खोलीतल्या साध्या खुर्चीत बसवून पाहिलं तर ती एका बाजूला कलली आणि तशीच राहिली. कोणी सरळ करेपर्यंत काही बोलली नाही. सवय असावी. रणजीत म्हणाला, "सायेब, आमची शेती गेली तवा पैसं आलं, बंगला बांदला, समदं हाय. पन ह्या अशा खुर्चीला परदेशातनं मागवायला सा म्हैनं लागतील म्हनत्यात. तवर हिला मी उचलूनच फिरवतो." तो तक्रार करत नव्हता. सांगत होता.

वर आपल्या खोलीत खिडकीपाशी, शार्दूल गेल्यापासून, त्याची ती खुर्ची होती. तुला माहीत आहे.

तू आलीस, खिडकीकडे पाहिलंस, आणि "कुठंय?" म्हणालीस. मी "दिली" म्हणालो. त्यानंतर तू कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाहीस, आणि जाताना बोललीस ते एवढंच, की "तू त्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढलंस."

मी चुकलो असं मी लिहिणार नाही. तशी वाट बघत असशील तर बघू नकोस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि ती मुलगी आजही बापाच्या खांद्यावर असती. हे मला त्या वेळीही कळत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून मी त्या खोलीत झोपलेलो नाही. हॉलमध्ये झोपतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

डबा मी केव्हाच बंद केलाय. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवतो.

शेखर


२० जून

निवेदिता,

दुरुस्त केलेली फाइल मिळाली. रिपोर्ट चालतोय. आता कसली चौकट येत नाही. तू लिहिलंस तसंच होतं. टेबलात मी नाव बदललं, पण रिपोर्ट जुन्याच नावाने हाक मारत राहिला, आणि ओ मिळेना म्हणून आपल्याला विचारत होता. साधनाताईंना मी हे असंच समजावलं, त्यांना पटलं.

दारावर नवीन प्रिंट लावली.

खुर्चीच्या ओळीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. ओळ काढलीही नाहीस. मी पाहिलं.

शेखर


३ जुलै

निवेदिता,

हे कामाचं आहे की नाही मला सांगता येणार नाही. तूच ठरव.

मंगळवारी मी दुसऱ्या पाळीला होतो. साधनाताई केंद्रात होत्या. दुपारी सयाजी नावाचा एक माणूस तळवड्याहून आला. एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. त्याची आई, शालनबाई, अर्धांगवायूने पडून. घशात कफ साठतो, तो ओढायचं सक्शन मशीन हवं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भाड्याने विकत कसंही आणा, पण लगेच आणा. साधनाताईंनी दारावरची यादी पाहिली. यादीत सक्शन मशीन नव्हतं. त्यांनी खात्री म्हणून कॉम्प्युटरवर रिपोर्ट परत काढला. त्यातही नव्हतं. मला फोन केला. मी कंपनीच्या बसमध्ये होतो. मी म्हणालो, "यादीत नाही म्हणजे नाही, ताई. त्यांना चिंचवडच्या दुकानांचा पत्ता द्या."

संध्याकाळी साधनाताई ब्लँकेटं ठेवायला मागचं कपाट उघडायला गेल्या. खालच्या खणात मशीन होतं. नवीन. कंपनीच्या क्लबने दिलेलं, खोक्याची पट्टीसुद्धा काढलेली नाही. त्यांनी मला फोन केला. मी सुपरवायझरला सांगून सुटलो, घरी आलो, खोकं स्कूटरच्या पुढे ठेवलं आणि तळवड्याला गेलो. गल्ली सापडायला वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता, आणि माणसं उभी होती.

मी खोकं घेऊन तिथेच उभा राहिलो. एकाने विचारलं, "काय आणलंय?" मी परत फिरलो, निवेदिता. मी आत गेलो नाही.

काल सुट्टी टाकून कॉम्प्युटरपाशी बसलो. मशीनची नोंद आहे. वस्तूंच्या टेबलात नीट आहे, तूच केलेली. फॉर्ममध्ये दिसतं. रिपोर्टमध्ये येत नाही. मग एकेक वस्तू ताडून पाहिली. नवीन कमोडची खुर्ची येत नाही. दोन कुबड्या येत नाहीत. हवेची गादी येत नाही. ज्या ज्या वस्तू आल्यापासून कोणालाच दिल्या नाहीत, त्या एकही येत नाही. एकदा तरी बाहेर जाऊन परत आलेल्या तेवढ्या येतात.

असं का होतं ते मला समजत नाही. इतकी वर्षं असंच होत होतं का? कितीजणांना आपण नाही म्हणालो असू?

साधनाताई कालपासून वरच्या मजल्यावरून खाली आलेल्या नाहीत. मी त्यांना सांगितलं की 'नाही' मी म्हणालो, तुम्ही नाही. त्या दार लावून घेतात.

मला शार्दूलचं सगळं आठवतंय. तोच आवाज. घशातला. तसलं मशीन मी माझ्या हातांनी किती वेळा लावलंय. आणि बसमध्ये बसून मी म्हणालो, यादीत नाही म्हणजे नाही.

शेखर


५ जुलै

निवेदिता,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. इतकं मोठं तू मला कधीच लिहिलं नव्हतंस, लग्नाआधीसुद्धा नाही.

तू लिहिलंयस, "चूक माझी आहे. रिपोर्ट ज्यातून निघतो ती क्वेरी मी बांधली. वस्तूंचं टेबल आणि दिल्या-घेतल्याचं टेबल जोडताना मधल्या रेषेला मी तसंच सोडलं. तशी रेष फक्त दोन्हीकडे असलेल्या नोंदीच उचलते. जी वस्तू कोणाकडे कधी गेलीच नाही, तिला दुसऱ्या बाजूला जोडीदार नाही, म्हणून ती गळते. व्हिडिओत ते पुढच्या भागात होतं, आणि पुढचा भाग मी पाहिला नाही. त्या आठवड्यात शार्दूलला पहिल्यांदा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं होतं."

हे शेवटचं वाक्य वाचून मी उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तू सांगितलंस तसं केलं. रेषेवर दोनदा क्लिक करून दुसरा पर्याय निवडला, वस्तू सगळ्या घ्यायच्या, जोड असो वा नसो. खालच्या अटीतही एक ओळ वाढवली, की दिल्याची नोंदच नसेल तरी घ्यायचं. सगळ्या वस्तू आल्या. कपाट उघडून एकेक ताडून पाहिलं. प्रिंट दोन पानांची झाली.

तुझी चूक नाही. माझीही फक्त नाही. यावर आपण भांडू नये.

तू लिहिलंस, "त्या घरी एकटा जाऊ नकोस. मी येते." ये. रविवारी ये. वल्लभनगर स्टँडला मी थांबेन. घरी यायलाच हवं असं नाही, थेट तळवड्याला जाऊ. मी कसलाही अर्थ काढणार नाही.

साधनाताईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. आज त्या खाली आल्या.

शेखर


१५ जुलै

निवेदिता,

तू सगळीकडे माझ्याबरोबर होतीस, मग लिहायचं काय, असं तुला वाटेल. पण स्कूटरवर तू मागे होतीस, आणि त्या खोलीत तू माझ्या पुढे होतीस. मला जे दिसलं ते तुला ठाऊक नसेल.

सयाजीच्या खोलीत आपण शिरलो तेव्हा तो जमिनीवर बसून कागद चाळत होता, हॉस्पिटलचे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने ओळखलं. मला वाटलं होतं, तो अंगावर येईल. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, "त्या दिसी तुमी गल्लीत आलता ना खोकं घेऊन? माझ्या मेव्हन्यानं सांगितलं." मग म्हणाला, "डाक्टर म्हनले, मशीन असतं तरी लई दिस काढले नसते आईनं. ते मला समजतंय. पन तुमी न्हाई म्हनला, आन मी पार चिंचवडपातुर दुकानं हिंडत बसलो. ती गेली तवा मी एका दुकानात डिपॉझिट किती म्हनून इचारत हुतो. जवळ न्हवतो तिच्या."

तू पुढे सरकलीस आणि म्हणालीस, "ती यादी मी बनवली होती. तिच्यात चूक होती. मशीन आमच्याकडे होतं." इतकं सरळ. मी तुझ्या पाठीकडे पाहत होतो. तुझा आवाज हलला नाही, पण ओढणीचं टोक तू मुठीत घट्ट धरलं होतंस. त्याने विचारलं, "मंग आता सुदारली का?" तू हो म्हणालीस. त्याच्या बायकोने चहा आणला. तो म्हणाला, "घ्या." आपण घेतला. त्याने माफ केलं असं मला वाटत नाही. आपण मागितलंही नाही. तू निघताना त्याच्या आईच्या फोटोला वाकून नमस्कार केलास आणि मग मी केला.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "इथून चाकण किती लांब?"

मी ते स्वतः कधीच सुचवलं नसतं.

रणजीतच्या बंगल्यात तेजस्विनी व्हरांड्यातच होती. खुर्चीला तिने रिबिनी बांधल्यात, हाताला स्टिकर लावलेत, मागे शाळेची बॅग अडकवलीय. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. रणजीत नुसता "या, या, बसा" करत राहिला. आणि ती मुलगी, मान आधाराला टेकवून, सरळ तुला म्हणाली, "काकू, ही डावीकडं लई वळती. दादाचीबी वळायची का?"

कोणीतरी तिला सांगून ठेवलं होतं की ही दादाची खुर्ची.

तू म्हणालीस, "वळायची. तो फ्रीजवर धडकायचा. फ्रीजला पोचा आहे अजून." आणि तू हसलीस. ती पण हसली. मग तू गुडघ्यावर बसून हॅन्डलखालचा तो छोटा स्क्रू शोधलास आणि तिच्या बोटांच्या मापाने बसवून दिलास. "आता बघ." तिने अंगणात एक फेरी मारली. सरळ गेली. तू तिथे जमिनीवरच बसून होतीस. ती वळून परत येईपर्यंत तू तिच्याकडे बघत होतीस. मी दुसरीकडे पाहिलं, कारण तो चेहरा माझ्यासाठी नव्हता.

परतताना तू माझ्या पाठीला डोकं टेकवून रडलीस. पिंपरी येईपर्यंत. हेल्मेटमुळे तुला वाटलं असेल मला कळत नाही. कळत होतं. मी स्कूटर मुद्दाम सावकाश चालवली.

स्टँडवर तू म्हणालीस, "बरं केलंस असं मी म्हणणार नाही, शेखर." मी म्हणालो, "त्यासाठी मी तुला नेलं नव्हतं." तू म्हणालीस, "माहीत आहे." मग म्हणालीस, की तुझा माझ्यावर राग उरलेला नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. राग होता तोवर वाटायचं, तो ओसरला की परत येता येईल. आता ओसरलाय आणि तरी तुला त्या जिन्याकडे पाय वळवता येत नाहीत. माझ्याकडे बघितलं की तुला शार्दूल दिसतो, आणि मी तो नसतो.

मी तुला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. काहीतरी पाण्याच्या बाटलीबद्दल बोललो असेन.

वकिलांनी पाठवलेले कागद मी दोन महिन्यांपासून उघडले नव्हते. काल उघडले, वाचले, सही केली. आज कुरिअर केले. परस्परसंमती असा शब्द आहे त्यात. आहे आपली संमती. खोटं नाही ते.

केंद्र चालू राहील. साधनाताईंनी आता फॉर्म नीट शिकून घेतलाय, माझ्यापेक्षा त्यांचाच हात चांगला बसलाय. कधी अडलंच तर त्या तुला विचारतील. मी नाही विचारणार. मला आता कारण शोधत बसायचं नाही.

एकच राहिलं. बस सुटली तेव्हा तू खिडकीची काच सरकवून काहीतरी म्हणालीस. पलीकडची गाडी हॉर्न वाजवत होती, मला एक शब्द ऐकू आला नाही. तू पुन्हा म्हणालीस. तरीही नाही. तू माझ्याकडे बघत राहिलीस, उत्तराची वाट पाहत, आणि बस वळत होती, म्हणून मी मान डोलावली. हो म्हणून. तुझा चेहरा एकदम निवळला.

काय म्हणाली होतीस ते मला कळवू नकोस. मी हो म्हटलंय.

शेखर